बाहेरची कडी

"त्या जुन्या जेलच्या खोलीत जो जाते, तो..." नळावर बायका कुजबुजत होत्या; मले पाहून गप्प झाल्या.

भिलाईच्या कारखान्याचे क्वार्टर बांधून झाले नव्हते, म्हणून शेजारच्या गरोदर कुसुमले तीच खोली मिळाली होती. मले कुठं राहवते? आधी मीच पाहाले गेले. आत पाय ठेवला आन् मागं दार आपटलं, बाहेरून कडी पडली. नुसती दार बडवत राहिले.

खोलीची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीनं उघडलं. "बाई, कैद्यांचं दार आहे, कडी बाहेरूनच राहते. आम्ही भिंत फोडून खिडकी काढली, दार बदलाचं राहून गेलं."

"मंग इथं गेलेला परत येत नाही म्हणतात, ते?"

"येत होता ना. सजा संपल्यावर."

कुसुमले म्हटलं, "भूत-बित नाही वं. पण एकटी असताना कळा आल्या, तर दार कोण उघडीन?"