मामंजींचा हक्काचा विरोधक

...नाही, पण मला एक सांगा, रस्त्याच्या मधोमध रेघ कुणी ओढतं का हो? खडूची नव्हे, खडूची असती तर मी बादलीभर पाणी टाकून केव्हाच पुसली असती! नकाशातली, पालिकेच्या नकाशातली! अलीकडे एक वॉर्ड, पलीकडे दुसरा वॉर्ड, आणि मधे आमचा रस्ता, तो एवढासा की समोरच्या बेकरीत कुणी शिंकलं तर आमच्या टेलरिंगच्या दुकानात आम्ही रुमाल काढतो! आणि त्या रेघेनं माझ्या सासऱ्यांना, एवढ्या धडधाकट माणसाला, अंथरूण धरायला लावलं. ताप नाही, खोकला नाही. डॉक्टर आले, नाडी बघितली, छाती बघितली, म्हणाले, "सगळं ठणठणीत आहे, मग दुखतंय काय?" तर आमचे मामंजी भिंतीकडे तोंड करून म्हणतात काय... "माझा विरोधक नेला हो, डॉक्टर, माझा विरोधक नेला!"

आता ह्याच्यावर कुठली गोळी देणार? मला सांगा!

थांबा, तुम्हाला पहिल्यापासूनच सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई काय बरळतेय. तर मी ह्या घरात सून म्हणून आले तेव्हा मला वाटलं होतं टेलरचं घर आहे, शांतता असेल, मशीनचा आवाज तेवढा असेल. कसलं काय! घर कसलं, प्रचार कार्यालय! दुसऱ्याच दिवशी मामंजींनी बिनबाह्यांच्या शर्टांचा ढीग माझ्यापुढे ठेवला आणि चप्पल घालता घालता म्हणाले, "सूनबाई, जरा वॉर्डात जाऊन येतो, बाह्या तेवढ्या लाव." जरा! ते 'जरा' अजून संपलेलं नाही. माझा मुलगा कॉलेजात जायला लागला, तरी बाह्या कोण लावतंय? मी!

तर आमच्या वॉर्डाचा इतिहास. पूर्वी म्हणे एक कंत्राटदार नगरसेवक होता. बिनविरोधच यायचा दर वेळी, कारण उभं राहायचा कंटाळा सगळ्यांना. निवडणुकीला गाडीतून यायचा, काच खाली करायचा, हात हलवायचा, काच वर. आणि आमच्या नाक्यावर उघडं गटार. एके दिवशी मामंजी कुणाचा तरी लग्नाचा कोट पोचवायला निघाले आणि कोटासकट त्या गटारात! आणि त्याच आठवड्यात, त्यांच्याही आधी, समोरचे बेकरीवाले काका मैद्याच्या पोत्यासकट त्याच गटारात! दोघंही चिडले, दोघांनीही एकमेकांना न विचारता, न सांगता अर्ज भरला. कंत्राटदार पडला. मामंजी आले, काका दुसरे. झालं! काका दुकानासमोर येऊन ओरडले, "मास्तर, खुर्ची घे, पण लक्षात ठेव, त्या गटारात आधी मी पडलो होतो!" मामंजी म्हणाले, "पण खोल मी पडलो होतो!"

तिथून जे सुरू झालं! एकदा मामंजी, एकदा काका, पुन्हा मामंजी, पुन्हा काका. अपक्ष दोघंही. मोठमोठ्या पक्षांची माणसं तिकीट घेऊन दारात यायची, तर हे दोघं एका सुरात विचारणार, "समोरच्यालाही देताय का? मग नको!"

आणि गंमत ऐका. दुसऱ्या वॉर्डांत पडलेला उमेदवार पुन्हा तोंड दाखवत नाही, आमच्याकडे पडलेलाच जास्त राबायचा! मामंजींनी रस्त्याला दिवे आणले, तर काका रोज संध्याकाळी काठी घेऊन प्रत्येक खांबाखाली उभे. "हा मिणमिणतोय. हा वाकडाय. टेलरनं लावलाय ना, टाका उसवणारच!" काकांनी बागेत बाकं बसवली, तर मामंजी एकेका बाकावर स्वतः बसून आले आणि भर बाजारात जाहीर केलं की तिसरं बाक डुगडुगतं. मग काका रागारागानं दुसऱ्या दिवशी सुतार घेऊन हजर! असं करत करत आमचा वॉर्ड असा काही सुधारला की लोक भाड्यानं घर शोधत आमच्याकडे यायला लागले. आणि मामंजी बाकांवर बसत हिंडत होते तेव्हा बाह्या कोण लावत होतं? मीच!

सासूबाई म्हणायच्या, "अगं, मला सवत असती ना, तर तिच्यात ह्यांचं एवढं लक्ष नसतं गं, जेवढं त्या पाववाल्यात आहे."

हसताय काय! पुढचं ऐका, मग हसा.

एका निवडणुकीत, ऐन प्रचारात, बेकरीवाल्या काकू गेल्या. म्हणजे सकाळी गल्ल्यावर बसल्या होत्या, माझ्याशी बोलल्या होत्या, "अगं, तुझ्या सासऱ्याला सांग, घसा बसलाय त्याचा, गरम पाण्यानं गुळण्या कर म्हणावं, तो घोषणा देतो त्या आम्हाला नीट ऐकू येत नाहीत." आणि दुपारी... गेल्याच. बेकरीची भट्टी विझली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या रस्त्याला पावाचा वास आला नाही, आणि तुम्हाला सांगते, वास नसला तर रस्ता ओळखूच येईना हो.

मामंजी घरी आले, गळ्यातला बिल्ला काढून मशीनवर ठेवला, म्हणाले, "प्रचार बंद." सासूबाई म्हणाल्या, "अहो, आता काय बंद? अर्ज भरलाय, माघारीची मुदत गेलीय!" तर म्हणाले, "अगं, समोरचा दार लावून बसलाय, आणि मी त्याच्या दारावरून माझाच विजय असो करत जाऊ?"

मग त्या माणसानं काय केलं असेल? उठले, चप्पल घातली, मला म्हणाले, "बाह्या..." मी म्हटलं, "लावते, तुम्ही जा." आणि गेले घरोघर. काय सांगत होते माहितीये? "मत पाववाल्याला द्या. माझी तब्येत यंदा बरी नाही हो, मला झेपायचं नाही." आणि हे तीन मजले चढून, धापसुद्धा न लागता सांगत होते! लोक काय दुधखुळे आहेत? सगळ्यांना कळलं, कुणी बोललं नाही. काका भरघोस मतांनी निवडून आले, घराबाहेर पाऊल न टाकता.

निकालाच्या संध्याकाळी काका आले आमच्या पायरीवर. दाढी वाढलेली, सदऱ्याचं बटण तुटलेलं. आत येईनात. "मास्तर, मला दयेची खुर्ची नको." मामंजींनी कात्री खाली ठेवली नाही, मान वर केली नाही, कापड कापता कापता म्हणाले, "दया? दया कसली? पुढच्या खेपेला तुला असा पाडतो की भट्टी पेटवायची कशी ते विसरशील!" मला वाटलं, काका आता रडतात हो. तर म्हणाले, "बघच तू!" सासूबाईंनी आतून हाक मारली, "बघायचंय ते जेवून बघा, ताट वाढलंय." आणि त्या दिवशी, काकू गेल्यापासून पहिल्यांदा, तो माणूस पोटभर जेवला. मामंजींनी तोपर्यंत ते तुटलेलं बटण लावून टाकलं. स्वतः! माझ्याकडे नाही दिलं.

तेव्हापासून काका रात्रीचं आमच्याकडेच जेवायचे. फक्त आचारसंहिता लागली की मामंजींकडे पाठ करून जेवायचे. "वाढा वहिनी, पण उमेदवाराशी माझं बोलणं नाही!" आणि मामंजी मला सांगणार, "सूनबाई, त्या उमेदवाराला विचार, मीठ हवंय का?" एकाच खोलीत!

तर एवढं सगळं असताना ही रेघ! प्रभागरचना म्हणे नवीन! वस्ती वाढली म्हणून म्हणे! पालिकेत नकाशा लागला, माझा नवरा धावत आला, "बाबा, बाबा, खूशखबर! काका पलीकडच्या वॉर्डात गेले! आता तुम्ही बिनविरोध!" मामंजी त्याच्याकडे असे बघायला लागले, जसं काही पोरानं दुकान जाळून आल्याचं सांगितलंय. "बिनविरोध? म्हणजे मी काही करो, न करो... विचारणारच नाही कुणी?" आणि पडले जे आडवे, ते तुम्हाला सांगितलंच.

तिकडे काकांची काय दशा! पाव जळले! त्या बेकरीत कधी पाव जळलेला नव्हता. आणि जेवायला येणं बंद. म्हणाले, "दुसऱ्या वॉर्डातला माणूस मी, रोज रोज कसा येऊ?" आता ह्या वयात ह्यांना कोण समजावणार?

एकदा संध्याकाळी बेकरीसमोरचा दिवा गेला. मामंजी सवयीनं तिरमिरीत उठले, चप्पल घातली, निघाले, आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन थांबले. पलीकडून काकाही पायरीवर आलेले. मी मशीनवरून बघतेय.

"दिवा गेलाय," मामंजी म्हणाले.

"दिसतंय."

"आता तो माझ्याकडे येत नाही."

"माहितीये."

"...तरी पण गेलाय."

"हो रे. गेलाय."

आणि उभे! दोन म्हातारे, अंधारात, मधे ती न दिसणारी रेघ! माझ्या हातातली बाही उलटी लागली हो. एवढ्या वर्षांत पहिली उलटी बाही! मी उठले, दारात गेले आणि ओरडले, "अहो, पालिकेनं हरकती मागवल्यात ना? मग घ्या की हरकत! इथं काय खांबासारखे उभे राहिलात?"

झालं. माझं तोंड! माझ्या तोंडाला कुलूप लावायला हवं होतं त्या दिवशी.

सुनावणीला आम्ही सगळे गेलो. वर पंखा, खाली टेबल, टेबलामागे अधिकारी. "बोला, हरकत काय?" मामंजी उभे राहिले. "साहेब, मला हा माणूस माझ्या वॉर्डात हवाय."

"कशासाठी?"

"पाडायला!"

काका उठले. "माझीही तीच हरकत आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "अहो, वेगवेगळ्या वॉर्डांत तुम्ही दोघंही आरामात निवडून याल की!" तर मामंजी म्हणाले, "तेच तर म्हणतो साहेब. हा समोर नसला तर मी काडीचं काम करणार नाही. मी आळशी माणूस आहे, खोटं कशाला सांगू, माझ्या दुकानातल्या बाह्यासुद्धा सून लावते." भर सुनावणीत! एवढ्या वर्षांत घरात कधी कबूल केलं नाही, ते सरकारदरबारी! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग काका बोलायला लागले. "साहेब, माझी बायको गेली तेव्हा..." आणि थांबले. साहेबांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "...तेव्हा ह्यानं मला घराबाहेर काढलं. सांत्वन नाही केलं, भांडण काढलं. मला सांत्वन करणारे पुष्कळ होते साहेब, भांडणारा हा एकच. रेघ ओढायची तर ओढा, पण आम्हा दोघांच्या पलीकडून ओढा."

साहेबांनी चष्मा पुसला आणि हरकत लिहून घेतली.

आणि निकाल लागला, रेघ सरकली! काका जेवायला आले, मामंजींनी दोन घास जास्त खाल्ले, सासूबाईंनी देवाला हात जोडले... आणि माझ्या नवऱ्यानं खालची ओळ वाचली. वॉर्ड एक केलाय, पण मोठा झाला म्हणून जागा दोन. दोन नगरसेवक! प्रत्येक मतदाराला दोन मतं!

मामंजींचा घास हातातच. "म्हणजे... हा पडणार कसा?"

काका म्हणाले, "आणि तू?"

दोन जागा, दोन उमेदवार, तिसरा कुणी ह्यांच्यापुढे उभा राहायला तयार नाही. मतदानच होणार नाही! दोन दिवस घरात सुतकी कळा. तिसऱ्या दिवशी दोघं जोडीनं माझ्या मशीनपाशी येऊन उभे. मी म्हटलं, काहीतरी शिजतंय. मामंजी म्हणाले, "सूनबाई, लोकशाहीचा प्रश्न आहे." काका म्हणाले, "तू नुसता अर्ज भर. नावापुरता. पडायची हमी आमची!" मी सासूबाईंकडे बघितलं, म्हटलं, त्या तरी दटावतील. तर त्यांनी सूचक म्हणून सही ठोकली!

आणि पडायची हमी म्हणजे काय, ऐका. मामंजी घरोघर जाऊन सांगतात, "एक मत मला, पण दुसरं पाववाल्याला मुळीच देऊ नका, त्यापेक्षा सूनबाईला द्या!" आणि त्यांच्या मागोमाग काका, त्याच घरात, "एक मला, पण दुसरं मास्तरला नको, त्यापेक्षा सूनबाईला द्या!" अहो, म्हणजे दोघांची दुसरी मतं कुणाला? गणित करा जरा! ह्या दोघांना अजून कळलेलं नाही, आणि मला सांगायची चोरी!

म्हणून तुमच्या दारात आलेय, हात जोडते. दोन मतं आहेत ना? एक मामंजींना द्या, एक काकांना द्या, जिवाभावाची माणसं आहेत हो ती, आणि मला तेवढं... काय? काय म्हणालात ताई? ठरलंय? सगळ्या इमारतीचं? एक मत मलाच?

...बरं.

सांगा मग. काय तक्रार आहे तुमची?