ग्रुप बंद होता तेव्हा

हाडांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी पायाला प्लॅस्टर घातलेल्या एक काकू बसल्या होत्या. सोबत त्यांच्या इमारतीचा सेक्रेटरी.

"मी तरी काय करणार होतो, काकू? टाकीत विष कालवलंय म्हणून कुणीतरी ग्रुपवर टाकलं आणि अर्धी बिल्डिंग बादल्या घेऊन रस्त्यावर. म्हणून ग्रुप बंद केला. माझ्याशिवाय कुणी लिहायचंच नाही."

"बरोबरच केलंस. मी मात्र बाथरूममध्ये पडले होते. फोन हातात, आणि लिहायची सोय नाही."

"मला फोन करायचा ना."

"केला की. तू उचलला नाहीस."

"त्या विषापायी दिवसभर फोन येत होते, काकू. आवाज बंद ठेवला होता."

"शेवटी दूधवाल्याने हाक ऐकली."

"काल सुरू केला परत ग्रुप."

"पाहिलं. पहिलाच मेसेज मला श्रद्धांजलीचा."

"तळमजल्यावरच्या आजोबांनी तुम्हाला रुग्णवाहिकेत ठेवताना पाहिलं होतं. त्यांना वाटलं..."

"असू दे. सगळ्यांनी त्या मेसेजखाली हात जोडले होते. मीही जोडले."

"परत बंद करू का?"

"नको रे बाबा. मी मेले असं म्हणाले तरी चालेल. पडले तर सांगता आलं पाहिजे."