परत फिरलेली फौज

आम्ही रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे, बाप खलाशी, आजा खलाशी, आणि आम्ही दोघे भाऊ, मी आणि माझा थोरला भाई, लाँचवाल्याला पैसे देऊन, बिनकागदांचे, चोरून इकडे आखातात आलो, साठ-पासष्टचं साल असेल, तेव्हा ही अमिरात-बिमिरात काही नव्हती, आणि भीती, काय सांगू तुम्हाला, शिंक आली तरी तोंड दाबायचो.

लाँचवरचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी हो, तो कलकत्त्याचा चिनी, हिंदी आमच्यापेक्षा साफ, भात ढवळता ढवळता गोष्टी सांगायचा. म्हणे जुन्या काळी त्यांच्या मुलखात राज्यंच राज्यं, एकमेकांच्या जिवावर उठलेली, त्यातल्या एका राजाने लांबचं शहर बेसावध गाठायला गुपचूप फौज काढली. म्हातारा वजीर रडला, पोटचा पोरगा फौजेत ना त्याचा, म्हणाला, जाताना दिसताय, येताना नाही दिसणार. मग वाटेत त्या शहरातला एक बैलांचा व्यापारी भेटला, तो काय ते समजला, पण मोठा बेरकी, आपलेच बैल पुढे करून म्हणतो, आमच्या राजाने तुमच्या पाहुणचाराला पाठवलेत. सरदारांना वाटलं बातमी फुटली, खलास, फौज परत फिरली, आणि परतीच्या खिंडीत तिसऱ्याच राजाची माणसं दबा धरून, सगळी फौज कापली. भाई त्या दिवशी जेवलाच नाही.

फुजैराच्या किनाऱ्यावर लाँचवाल्यांनी आम्हाला उतरवलं, म्हणाले डोंगर ओलांडा, पलीकडे दुबई, यल्ला, निघा. नुसते दगड हो, झाड नाही, खडा घरंगळला तरी आम्ही खाली बसायचो. पाणी संपलेलं. एक खिंड ओलांडली तर समोर शेळ्या घेऊन म्हातारा अरब, त्याने खजूर काढले, पाण्याची पखाल पुढे केली, हसून म्हणाला हबीबी, बसा. भाई पांढराफटक. कानात म्हणतो, आपण येणार हे ह्याला कसं कळलं, हा तो बैलवालाच, धरून देणार, चल मागे. मी म्हटलं भाई, घशाला कोरड पडलीय, आधी पाणी तर पिऊ. त्याने हात हिसडला आणि आल्या वाटेने खिंडीत पळाला. म्हाताऱ्याने मला घरी नेलं, स्वतः माणसं घेऊन शोधायला गेला, दोन दिवसांनी आणला भाईला, उन्हाने, तहानेने सुकलेला, मेलेला. खिंडीत कुणी कुणी नव्हतं हो. कुणीच नव्हतं.

मग मी दुबईला गेलोच नाही, इथेच फुजैराला राहिलो, पुढे पोर्ट झालं तिथे कामाला लागलो, इथेच म्हातारा झालो. नातू म्हणतो, दादा, दॅट ओल्ड मॅन वॉज जस्ट बीइंग काइंड. अल्ला तुम्हाला सलामत ठेवो, आणि परक्या मुलखात कोणी पाणी पुढे केलं ना, तर आधी पिऊन घ्या, मग काय घाबरायचं ते घाबरा.