खाट अजून डोक्यावर आहे

माहं माहेर भामरागडाकडचं, ताई, आन् दिलं मले इकडे, आलापल्लीच्याही आत. लग्न होऊन आली तवा मले मोहफुलं वेचता येत होतं, बाकी काई नाई. आभाळ दाखवलं थे माह्या सासूनं. उन्हाळा लागला का घरात कोण झोपते जी, आंगणात दोन खाटा टाकाच्या, एकीवर थे, एकीवर मी, आन् थे बोट वर करून सांगे, थ्या चार चांदण्या पाह्य, थे म्हातारीची खाट, आन् मागं तीन लागल्या ना, थे चोर. खाटेचे पाय सोन्याचे, म्हणून म्हातारी डोळा लावत नाई, तिनं डोळा लावला का चोर खाट उचलतात. तुमी सप्तर्षी म्हणता म्हणे, आमची आपली खाटच.

घडीचं काय काम पडते आमाले. मोहाच्या दिवसात जेवणं होतात तवा खाट वर चढून राह्यते, आधी रात झाली का डोक्यावर येते, मंग कलंडत कलंडत तिकडच्या झाडात शिरते. खाट झाडात गेली, आन् इकडे डोंगरावर पहाटतारा निघाला, का टोपली घेऊन उठाचं. त्याच्या आधी नाई. काऊन नाई, तर मोहाखाली वाकून वेचा लागते, आन् वाकला माणूस त्याले जनावरच वाटते. त्याचं नाव नाई घेत मी, सांज झाली, तुमी समजून घ्या.

तर सासूच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन म्हटलं का भांडते. खाट दिसतच नाई तिले आता, एकदम लखलखीत असलं तेवढंच दिसते. म्हणून रोज रातच्याला इचारते, खाट कुठी गेली वं? मी सांगतो, वर आहे, झोपा. घडीभरानं पुन्हा, खाट कुठी गेली वं? कटकट करते म्हातारी, म्हणत होती मी.

औंदाची गोष्ट आहे. माहा मालक मिरची तोडाले तेलंगणात गेला होता, घरी आम्ही दोघीच. सांजेले वारावादळ सुटलं, लाइन गेली, मंग आभाळ साफ झालं आन् आम्ही झोपलो. मले जाग आली तर बाजूची खाट रिकामी. मी म्हटलं बाहेर बसाले गेली असन. मंग पाह्यलं तर टोपली नाई, काठी नाई. डोंगरावर पाह्यलं तर हा एवढा तारा, पांढरा फटक. मी म्हटलं, अरे बाप्पा, पहाट झाली, मलेच झोप लागली. आन् सवयीनं वर पाह्यलं.

काय सांगू तुमाले, खाट डोक्यावर. चारही पाय, तिन्ही चोर. आधी रात होती जी! डोंगरावरचा थो ताराच नव्हता, मोबाइलच्या नव्या टावरचा लाइट होता, लाइन आली आन् पहिल्यांदा पेटला. कोणी सांगतलंच नाई आमाले. आन् म्हातारी त्याले तारा समजून एकटी मोहाखाली गेली होती. खाट होती तिथंच आहे आन् म्हातारीच नाई.

शेजारचे देवाजीभाऊ उठले, टेंभा पेटवला, डबा बडवत निघालो. आता हाक कशी माराव? सासूचं नाव सून घेत नाई, आन् जंगलात रातच्याला तर कोणीच कोणाचं नाव घेत नाई, कोणाच्या कानात पडन काय माहीत. नाल्याजवळ भाऊचा हात थांबला. वाळूत त्याच्या पंजाचे माग होते, ओले. मंग काय झालं माहीत नाई, मी जीव खाऊन ओरडली, खाट डोक्यावर आहे वं! पहाट नाई झाली! खाट डोक्यावर आहे!

काईच नाई. पान हालत नव्हतं. पुन्हा ओरडली, रडत रडतच ओरडली.

मंग मोहाकडून आवाज आला, बारीक. ओरडू नोको, इथीच आहे थो.

आमच्या मोहाले पाठ लावून, टोपली डोक्यावर धरून उभी होती म्हातारी. टोपलीत एक फूल नव्हतं. म्हणे, पाय ठेवला आन् समजलं, खाली फुलंच नाई, मोह गळते पहाटेलेच, आन् अजून गळालाच नाई, मंग पहाट कायची? तवा वाकलीच नाई मी. पलीकडे कोणी श्वास घेऊन राह्यलं होतं, म्हणून बसलीही नाई. देवाजीभाऊ डबा बडवतच राह्यले, झाडीतून काईतरी उठून गेलं, आमी पाह्यलं नाई. घरी येईपर्यंत तिनं माहा हात सोडला नाई, आन् घरी आल्यावर मी तिचा.

लाइट रोज पेटते आता. मोहही रोज गळते, पोट आहे, जा तर लागतेच. रातच्याला तिच्या लुगड्याची गाठ मी माह्या पदराले बांधतो. थे इचारते, खाट कुठी गेली वं? मी सांगतो. दहा वेळा इचारलं तरी दहा वेळा सांगतो.

तुमी उजेड आहे तवरच निघा, ताई, देव तुमचं भलं करो. म्हातारी तर आता घोरते मस्त. डोळा लागत नाई थो माहा.