एक्केचाळीस मिनिटांचा फोन

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील वरिष्ठ अधिकारी, दावे विभागातले माझे सहकारी, बाईंचे यजमान आणि कन्या, आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या आमच्या बाई,

मला पाच मिनिटं दिली आहेत. या विमा कंपनीत कुठल्या कामाला किती मिनिटं लागतात ते मोजणं हीच माझी नोकरी, तेव्हा वेळ पाळीन. माझ्या पाठीमागे तुम्ही मला ‘घड्याळजी’ म्हणता, हेही मला ठाऊक आहे. हसा, हसा. पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

नव्या मंडळींसाठी सांगतो. विमा उतरवलेला माणूस गेला, की त्याच्या घरच्यांचा अर्ज बाईंच्या टेबलावर यायचा. एकतीस वर्षं. बाई कागद तपासायच्या आणि मंजुरीचं पत्र धाडण्याआधी त्या घरी फोन करायच्या. नियमात हे कुठेही नव्हतं. काय बोलायच्या? विशेष काही नाही हो. "जेवलात का? सोबतीला कोण आहे?" असंच काहीबाही.

दोन वर्षांपूर्वी नवी संगणक प्रणाली आणायचं ठरलं आणि मी बाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. एका दाव्याला बावीस मिनिटं, त्यातली अकरा फोनची. मी विचारलं, "बाई, हा फोन कशासाठी?"

"अहो, आमचं पत्र फोडताना हात कापतात माणसाचे. आधी कुणीतरी बोललेलं बरं."

मी मान डोलावली आणि तक्त्यात फोनपुढे लिहिलं, ‘अनावश्यक’. फोन बंद करा, असा आदेश निघाला. उरलेलं काम यंत्राला जमण्यासारखं होतं. त्या तक्त्यावरच बाईंची जागा गेली. पत्रिकेत ‘स्वेच्छानिवृत्ती’ छापलंय. नोकरीची चार वर्षं शिल्लक असताना ही इच्छा कुणाची, ते अध्यक्षमहाराजही जाणतात. स्पष्ट बोललो, राग नसावा.

गेल्या वर्षी माझे वडील गेले. चौथ्या दिवशी मी कामावर हजर. आई घरी एकटी. मी तिला रोज फोन करायचो, नाही असं नाही. "कागद दिलेस का? सही केलीस का?" त्याच महिन्यात अहवालात बाईंच्या नावावर एक फोन दिसला, एक्केचाळीस मिनिटांचा. कुणाला केला ते अहवालात नसतं, फक्त मिनिटं असतात. मी बाईंना मेमो दिला आणि कारण मागितलं. त्यांनी लिहिलं, ‘समोरच्यांना बोलायचं होतं.’ खाली सही केली. मी तो कागद त्यांच्या फाइलला लावला आणि चहाला गेलो.

महिन्यापूर्वी आई सहज म्हणाली, "तुझ्या ऑफिसातल्या त्या बाई कशा आहेत रे?"

"कोण बाई?"

"अरे, बाबा गेल्यावर फोन आला होता त्यांचा. बाबांचा जुना अर्ज पुढ्यात होता त्यांच्या. म्हणाल्या, काय सुरेख अक्षर होतं हो यांचं! सहीतलं शेवटचं अक्षर इतकं वर का ओढायचे? मग काय, सांगतच बसले मी. तोवर बाबांबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. सगळे कागदांचंच विचारत होते."

सगळे म्हणजे कोण, ते तिने सांगितलं नाही. मला रडू आलं, तेही तिच्यासमोर नाही, जिन्यात.

बाई, तुम्हाला सगळं माहीत होतं. आईने सांगितलं होतं, मुलगा तुमच्याच ऑफिसात आहे म्हणून. मेमोवर एक ओळ लिहिली असतीत तर मी तो तिथल्या तिथे फाडला असता. परवा मी विचारलं, का नाही लिहिलंत? तुम्ही म्हणालात, "तुम्ही नुकतेच वडिलांना पोहोचवून आला होतात. त्यात आणखी कशाला?"

तक्ता दुरुस्त करावा, असा अर्ज मी वर पाठवला. उत्तर दोन ओळींचं आलं. प्रणाली सुरू झाली आहे, आता बदल शक्य नाही.

आईला मात्र अजून वाटतं, असा फोन करायची आमच्या कंपनीची पद्धतच आहे. तिच्या शेजारचे काका गेल्या आठवड्यात गेले. त्यांचाही विमा आमच्याकडेच. आईने काकूंना सांगून ठेवलंय, "घाबरू नका हो, माझ्या मुलाच्या ऑफिसातून फोन येईल तुम्हाला. फार छान बोलतात." काकू दिवसभर मोबाइल मांडीवर घेऊन बसतात म्हणे. आंघोळीला जाताना तो आईकडे देऊन जातात.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. बोलताना काही उणंअधिक झालं असेल, तर ते सगळ्यांनी पोटात घालावं. बाई, तुम्ही भाषणातलं तेवढं घाला. मेमोचं नको.