लाल दिव्याच्या मागे

हाडांच्या दवाखान्यात मानेला पट्टा बांधून बसलेल्या बाईंना वळता येत नव्हतं, पण मागच्या बाकावरच्या बहीणभावाचं बोलणं त्या कान देऊन ऐकत होत्या.

“तीनशे किलोमीटर सायकल! या वयात! भोग आता गुडघा.”

“ताई, ऐक तरी. पहाटे डोळे मिटायला लागले. पुढे एका सायकलचा लाल दिवा दिसला. म्हटलं, आपल्या सायकल मोहिमेतलाच आहे, आणि लागलो मागे.”

“मग?”

“तो थांबला, मी थांबलो. बघतो तर त्याच्या घराचं अंगण! कारखान्यातली रात्रपाळी संपवून परतत होता बिचारा.”

“अगं बाई! हाकललं नाही तुला?”

“उलट त्याच्या बायकोनं चहा दिला. मग तोच शेवटपर्यंत सोबत आला, साध्या सायकलवर, जेवणाचा डबा लटकवून.”

“वेळेत पोचलास?”

“कसला! आयोजक टेबलं उचलत होते. पदक हुकलं. आज त्याच्या बायकोचा फोन आला.”

“खुशाली विचारायला?”

“भांडायला! नवरा म्हणतोय, पुढच्या वेळी मीही उतरणार.”

बाई खुर्चीसकट वळल्या. “मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, काळजी नको वहिनी. या खेपेला मी पुढे, तो माझ्या मागे.”

“म्हणजे पहाटे दोघंही आपल्या अंगणात,” ताई म्हणाली. “चहाचं आधण मीच ठेवायचं ना?”