पांढऱ्या पायाची सायकल

भाऊजी : जाऊच नका असं कुठे म्हणतोय मी, वहिनी? दुसऱ्या जा. सगळ्यांच्या पुढे एखादा पुरुषमाणूस राहू दे, एवढंच.

वहिनी : तो पाना द्या इकडे. तो नाही, त्याच्या शेजारचा.

भाऊजी : हा घ्या. मी बोलतोय ते ऐकू येतंय ना?

वहिनी : येतंय. हातात चाक आहे, कानांत नाही. निवृत्त कामगारांच्या मंडळाचा निरोप घेऊन आलात, तर आडून आडून नको. सरळ सांगा. काय ठरलं काल?

भाऊजी : ठरलं असं नाही, बोलणं झालं. म्हातारी माणसं आहेत, जन्म खाणीत गेला. म्हणतात, खाण बंद पडली, कोळशाची गाडी बंद पडली, रूळ उखडून सायकलची वाट केली, चांगलं केलं. उद्या उद्घाटनाला आम्ही सगळे सायकलवर बसू, गुडघे कुरकुरले तरी बसू. पण त्या वाटेवर पुढे बाई असेल, तर घरून निघणार नाही.

सून : काका, चहा घ्या. साखर कमी घातलीय, नंतर तक्रार नको. आई, त्या निळ्या सायकलची हवा परत गेली.

वहिनी : राहू दे, बघते मी. तू बस इथे. तुझे काका काय सांगताहेत ते ऐक.

सून : आतून ऐकलं सगळं. मी पडले बाहेरची, म्हणून विचारते हं, काका. बाई पुढे असली तर होतं काय नेमकं? चेन पडते?

भाऊजी : थट्टा नको. तू तेव्हा इथे नव्हतीस. पहिल्या पाळीची माणसं या वाटेनं जायची, रुळांच्या कडेकडेनं, अंधारात. त्या वेळेला बाई आडवी आली, नुसती दिसली जरी, तरी माणूस परत फिरायचा. दिवसाचा पगार बुडाला तर बुडाला, पण खाली उतरायचं नाही. आमच्या बापानं पाळलं, त्याच्या बापानं पाळलं.

वहिनी : आणि आम्ही काय पाळलं तेही सांगा की तिला. भोंगा झाला की वस्तीतली दारं बंद. नळ रुळांच्या पलीकडे, पण पाळी जाईपर्यंत बादली उचलायची नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या बायकोला कळा सुटल्या, तर सुईण पलीकडे उभी राहिली, पाळी जाईपर्यंत. पोर गेलं. त्याला कोणी अपशकुन म्हटलं नाही.

भाऊजी : हे मला माहीत नव्हतं.

वहिनी : कसं असणार? तुम्ही पाळीत होतात.

भाऊजी : झालं ते झालं. मी मधला मार्ग काढलाय. पुलापर्यंत आपला जुना मुकादम पुढे राहील. पूल ओलांडला की तुम्ही पुढे व्हा. फोटो तिथेच काढणार आहेत.

सून : म्हणजे फोटोत आई पुढे आणि रस्त्यात मागे. छान आहे की.

भाऊजी : मग वेळ तरी बदला. सकाळी सहाची वेळ काढली कोणी?

वहिनी : मी. उद्घाटन समितीच्या मॅडम दहा म्हणत होत्या. मी म्हटलं, पहिल्या पाळीची वेळ धरा.

भाऊजी : मुद्दाम केलंत.

वहिनी : मुद्दाम नाही तर काय, चुकून?

भाऊजी : तुमच्या या स्वभावापायी मी किती ठिकाणी वाईटपणा घेतला, ते तुम्हाला ठाऊक नाही. हे बत्तीघर तुम्ही दुकानाला घेतलंत, तेव्हाही गाव बोललं. मीच सावरून घेतलं. इथून बत्ती घेऊन आम्ही खाली उतरायचो. या दारात बाईची सावली पडली नव्हती कधी. आता बघा, जिथे बत्त्या टांगायचो तिथे तुमची हेल्मेटं. दादाच्या खुंटीवरसुद्धा.

वहिनी : खुंटी रिकामी ठेवली म्हणून तुमचे दादा परत येणार आहेत का? हेल्मेट टांगलं तर निदान कोणाचं तरी डोकं वाचेल.

भाऊजी : तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

वहिनी : मग चहा तरी प्या, गार होतोय.

भाऊजी : वहिनी, मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय. उद्या तुम्ही पुढे निघालात आणि कोणी नुसता घसरून पडला, कोणाचं ढोपर फुटलं, तरी तो शब्द पुन्हा निघेल. आत्ता कुठे लोक विसरलेत.

वहिनी : कोणता शब्द?

भाऊजी : जाऊ द्या.

वहिनी : पांढऱ्या पायाची. घ्या, मीच म्हणते. अख्ख्या वस्तीचे पाय काळे, घासून घासून साबण संपायचा, आणि पांढरे पाय तेवढे माझे.

सून : आई, तुम्हाला? यांनी कधी सांगितलं नाही मला.

वहिनी : तुझा नवरा चार वर्षांचा होता, तो काय सांगणार? ऐक. तुझे सासरे मला सायकल शिकवत होते. मागच्या राखेच्या मैदानावर, दिवस मावळला की, कोणी बघत नाही असं बघून. मागून सीट धरायचे आणि मीच धरलंय, धरलंय म्हणत सोडून द्यायचे. एका रात्री आमचं भांडण झालं. कशावरून ते सांगत नाही, ते माझं मला राहू दे. सकाळी डबा न घेताच गेले. मला राहवेना. डबा कॅरियरला लावला आणि सायकल काढली. भोंगा होऊन गेला होता. रुळांच्या कडेनं एकटी चालवत गेले आणि पुलापाशी पाळी गाठली.

भाऊजी : आणि दुपारी खाली छत बसलं. पाच माणसं गेली. दादा त्यात.

वहिनी : आधाराचे खांब कुजले होते, भाऊजी. तुम्हीच रोज जेवताना सांगायचात, लाकडाला नख लावलं तरी भुसा पडतो म्हणून.

भाऊजी : होते कुजलेले. महिनाभर कुजलेलेच होते. मग नेमके त्याच दिवशी का पडले?

वहिनी : कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, दुसरं काय? एखाद्या दिवशी पडणारच होते. पण खांबांसाठी मालकाशी भांडावं लागलं असतं. माझ्याकडे बोट दाखवायला काही लागत नव्हतं. सगळं खापर माझ्यावर फुटलं आणि मालक सुटला.

भाऊजी : मी कधी म्हटलं का तुम्हाला तसं? खरं सांगा. घरात कोळसा कमी पडू दिला? पोराची शाळा बुडू दिली?

वहिनी : नाही. माझ्या पोराला तुम्ही खांद्यावर वाढवलंत, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणूनच तीस वर्षं तोंड शिवून बसले. पण गप्प बसले म्हणजे कबूल केलं, असं नाही. लोक तो शब्द म्हणत होते तेव्हा तुम्हीही गप्प होतात. तुमचं गप्प बसणं कशासाठी होतं?

भाऊजी : वहिनी, सूनबाई बसलीय.

वहिनी : बसू दे. या घरात आली, तिलाही कळू दे. त्या दिवशी मला बघून पाळीतले किती जण परत फिरले?

भाऊजी : नको आता.

वहिनी : एक. बाकीचे कुरकुरले, थुंकले, पण पुढे गेले. दांडी मारणाऱ्याला काढून टाकीन म्हणून मालकानं त्याच आठवड्यात तंबी दिली होती. फिरले ते तुम्ही एकटे.

सून : काका?

भाऊजी : हो. मीच फिरलो.

वहिनी : मग मला एवढं समजावून सांगा. मी अपशकुनी असेन, तर तुमचा जीव माझ्यामुळे वाचला. पाच जणांचं पाप माझ्या माथी मारलंत, तुमचं पुण्य कोणाला दिलंत? आणि मी अपशकुनी नसेन, तर उद्या पुढे जायला कोणाची हरकत? दोन्हींतलं काहीही धरा, मला चालेल. पण दोन्ही बाजूंनी मीच हरते, हे मला चालणार नाही.

भाऊजी : तुम्हाला सोपं आहे. अपशकुन खोटा म्हणायचं आणि सायकलवर बसायचं. मग मी कोण उरतो? खरा असेल, तर मी रीत पाळून घरी आलो. खोटा असेल, तर सख्ख्या भावाला पुढे धाडून घरी येऊन अंथरुणात शिरलेला माणूस. दादानं हाक मारली होती मला. चल रे, म्हणाला, माझीच बायको आहे ती, वाघीण नाही. सगळे हसले. मी मान खाली घालून निघालो. अजून रोज त्याच वेळेला जाग येते मला, भोंगा नाही की काही नाही.

(सून निळ्या सायकलचं चाक फिरवून बघते.)

वहिनी : घाबरलेला माणूस उरता, दुसरं काही नाही. सगळेच घाबरले होते. तुम्ही घाबरून घरी आलात, ते घाबरून खाली उतरले. तुम्ही परत आलात म्हणून पोराला खांद्यावर घ्यायला कोणीतरी होतं. दारात तुम्हाला उभं बघितलं तेव्हा रडता रडता बरं वाटलं होतं मला, खरं सांगते. पण तुमची लाज झाकायला माझा अपशकुन किती वर्षं पांघरून बसणार? म्हातारे झालो आपण. आता तो काढा अंगावरून.

भाऊजी : मंडळाला काय सांगू मी?

वहिनी : सांगा, वहिनी पुढे जाणार. पहिल्या पाळीच्या वेळेला, भर रुळांच्या जागेवरून. ज्याला यायचं त्यानं मागून यावं. ज्याला बघवणार नाही त्यानं दार लावून बसावं. मी पुढे गेले की उघडा म्हणावं. आम्ही बसलोच की तशा.

सून : आणि काका, हेही सांगा की दोन नंबरला मी आहे. माझ्या मागे बेकरीवाली, दवाखान्यातल्या दोघी नर्स आणि त्या शिंप्याची नात. रांग लागलीय. मंडळाला पाहिजे तर शेवटची जागा आत्ताच धरून ठेवा.

भाऊजी : तुझी जीभ कात्रीसारखी आहे.

सून : आईंच्या दुकानात काम करते, धार लागणारच.

भाऊजी : वहिनी, एक विचारू? मी पाठ फिरवली होती, म्हणून मला ठाऊक नाही. दादा नंतर काही बोलला तुमच्याशी?

वहिनी : इतक्या वर्षांत आज विचारताय.

भाऊजी : धीर झाला नाही.

वहिनी : हसत होते. पहिल्यांदाच एकटी चालवत आले होते ना मी. सगळ्यांदेखत ओरडले, ब्रेक दाब, ब्रेक दाब. मी कसली दाबतेय, त्यांच्या अंगावरच जाऊन आदळले. डबा घेतला, वाकडं झालेलं हँडल सरळ करून दिलं. म्हणाले, चाकाकडे बघतेस म्हणून पडतेस. समोर बघ.

भाऊजी : एवढंच?

वहिनी : एवढंच. मग मी समोर बघत घरी आले.

भाऊजी : रागावला नव्हता म्हणजे.

वहिनी : माझ्यावर नाही. तुमच्यावरही नाही. म्हणाले, धाकटा भित्रा आहे, संध्याकाळी त्याची खेचू.

भाऊजी : असं म्हणाला?

वहिनी : असंच म्हणाले.

भाऊजी : ती निळी सायकल नको मला. तिची हवा जाते.

सून : ही काळी घ्या. सीट खाली करून देते. ब्रेक घट्ट आहेत.

भाऊजी : पुलाच्या पुढे उतार आहे. मला दम लागतो, आणि मुकादम काय म्हणेल ते वेगळंच. वहिनी, पुलापाशी येऊन माझा धीर सुटला तर?

वहिनी : तर वळा खुशाल. मला कळणारही नाही. मी समोर बघत असेन.